सोन्याचा पियानो आणि न सापडलेली बहीण

केरन अ‍ॅबटचं ‘सिन इन द सेकंड सिटी’ (२००७) मी फोनवर वाचलं, बरंचसं हिंजवडीच्या बसमध्ये. पहिली शंभरेक पानं तर मी एखाद्या स्टार्टअपची गोष्ट वाचावी तशी वाचत होते. आता सांगताना ओशाळल्यासारखं होतं, पण पुस्तक तुम्हाला तसंच वाचायला लावतं.

गोष्ट खरी आहे. १ फेब्रुवारी १९०० ला शिकागोच्या साउथ डिअरबॉर्न स्ट्रीटवर मिन्ना आणि एडा एव्हरली या दोन बहिणींनी एक कुंटणखाना उघडला, ‘एव्हरली क्लब’. लेव्ही नावाच्या त्या बदनाम वस्तीत स्वस्त अड्डे ढिगानं होते. या दोघींनी किंमत चढवली. आत यायचेच १० डॉलर, वाइनची बाटली १२, मुलीसोबत वेळ घालवायचा तर ५० आणि पुढे. सोन्याचा मुलामा दिलेला पियानो, सोनेरी पिकदाण्या, जपानी थाटाची खोली, मूरिश थाटाची खोली, चक्क एक लायब्ररीही. मुलींची नियमित डॉक्टरी तपासणी व्हायची, नशापाण्याला मनाई होती आणि तिथं काम मिळावं म्हणून वेटिंग लिस्ट असायची. १९०२ मध्ये जर्मन कैसरचा भाऊ प्रिन्स हेन्री इथं येऊन गेला. वॉर्डातल्या पुढाऱ्यांना हप्ता वेळेवर पोचत होता. मी मनातल्या मनात ‘काय डोकं आहे!’ म्हणत पानं सरकवत होते.

मग एक साधा प्रश्न पडला: हे सगळं आपल्याला सांगतंय कोण?

बऱ्याच अंशी त्या बहिणीच. क्लब बंद झाल्यावर वीसेक वर्षांनी चार्ल्स वॉशबर्न या पत्रकारानं त्यांच्याशी बोलून पुस्तक लिहिलं. पुढे आयर्विंग वॉलेसनं त्यांच्यावर ‘द गोल्डन रूम’ (१९८८) ही कादंबरी लिहिली. आणि बहिणी तर थापा मारण्यात पटाईत. आम्ही केंटकीच्या खानदानी घरातल्या, असं त्या सांगायच्या. होत्या व्हर्जिनियाच्या, खरं आडनाव सिम्स. वय दहा-बारा वर्षांनी कमी केलेलं. ‘एव्हरली’ हे नावसुद्धा आजीच्या पत्राखालच्या ‘एव्हरली युअर्स’वरून उचललेलं, असं त्याच सांगायच्या. अ‍ॅबट या थापा उघड्या पाडते, हे तिचं मोठं काम. पण क्लबच्या आतलं वातावरण, मुली किती सुखात होत्या वगैरे आलं, की तिचा संशय थोडा सैल पडतो. जिनं आपलं जन्मसाल खोटं सांगितलं, तिच्या ‘आमच्याकडे कुणावर जबरदस्ती नव्हती’ या वाक्यावर मी किती विश्वास ठेवू?

म्हणजे ते खोटंच असेल असं नाही. १९११ मध्ये शिकागोच्या व्हाइस कमिशननं जाडजूड अहवाल काढला. त्यातही विचारलंय की दुकानात आठवड्याला ६ डॉलरवर राबणाऱ्या मुलीला शरीर विकून २५ मिळत असतील, तर तिनं काय करावं? एव्हरलीत त्याच्या कितीतरी पट मिळत. हिशोब मला कळतो. पण हा हिशोब त्या मुलींपैकी कुणी आपल्या तोंडानं मांडलेला नाही.

दुसऱ्या बाजूला सुधारक आहेत: रस्त्यावर उभं राहून प्रार्थना करणारा पाद्री अर्नेस्ट बेल आणि सरकारी वकील क्लिफर्ड रो. त्यांच्या भाषणांत प्रत्येक मुलगी पळवून आणलेली, भोळी ‘गोरी गुलाम’. पुस्तक एक प्रकरण बहिणींना, एक यांना असं झोके घेत जातं, आणि मधल्या भागात हे झोके कंटाळवाणे होतात. सुधारकांच्या रेट्यातून १९१० मध्ये मॅन कायदा आला. त्याचा सगळ्यात गाजलेला वापर झाला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनला १९१३ मध्ये दोषी ठरवण्यासाठी. त्या खटल्यातली साक्षीदार बेल श्रायबर पूर्वी एव्हरली क्लबमध्ये होती. तिथल्या एका मुलीचं बोलणं कागदावर राहिलं, तेही सरकारला एका काळ्या माणसाला अडकवायचं होतं म्हणून.

आपल्याकडे ज्यानं ‘गोलपिठा’ (१९७२) वाचलंय त्याला हा फरक चटकन जाणवेल. ढसाळ वाचकाला गिऱ्हाईक होऊन आत शिरू देत नाहीत. अ‍ॅबटच्या पुस्तकात आपण बराच वेळ गिऱ्हाईकच असतो, गालिच्यावर पाय रोवून पियानोकडे बघत.

तरी मी हे पुस्तक वाचा म्हणेन, आणि त्याचं कारण आहे त्याची प्रस्तावना. अ‍ॅबटची पणजी आणि पणजीची बहीण १९०५ मध्ये स्लोव्हेनियाहून अमेरिकेत आल्या. एकदा ती बहीण शिकागोला गेली आणि परत आलीच नाही. तिचं काय झालं ते घरात कुणालाच कधी कळलं नाही. तिला शोधताना अ‍ॅबट त्या काळच्या शिकागोत शिरली आणि तिथं तिला एव्हरली बहिणी भेटल्या. मी हे आधी घाईत वाचून पुढे गेले होते. पुस्तक संपल्यावर परत गेले, तेव्हा लक्षात आलं की लेखिकेचंही माझ्यासारखंच झालं होतं. एका हरवलेल्या मुलीला शोधायला निघाली आणि मालकिणींच्या गोष्टीत रमली. इतक्या देखण्या, हजरजबाबी बायका समोर असताना दुसरं काय होणार!

ऑक्टोबर १९११ मध्ये महापौर कार्टर हॅरिसननं क्लब बंद केला. निमित्त झालं ते बहिणींनी छापलेल्या जाहिरातीच्या पुस्तिकेचं. ती त्याच्या हाती पडली आणि त्याचा पारा चढला. बहिणी पुढे न्यूयॉर्कला गेल्या आणि नाव बदलून निवांत राहिल्या. मिन्ना १९४८ मध्ये वारली, एडा १९६० मध्ये.

पुस्तक मिटल्यावर मी नेटवर क्लबचे फोटो शोधले. बरेच मिळाले. झुंबरं, पडदे, गाद्या, पितळी पलंग. खोल्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या.