एका दुकानाचे रसग्रहण

समीक्षकाला कोणी काही विकत घेण्याआधी विचारत नाही. पुस्तक छापून झालं की विचारतात, तेही प्रत फुकट देऊन. त्यामुळे वडगाव रासाईला गेलो असताना थोरल्या भावाने फोन पुढे धरून ‘‘एवढी पुस्तकं पारखतोस, तर जरा हे दुकान पारखून दे’’ असं म्हटल्यावर माझी छाती दोन बोटं फुगली, हे खरं आहे.

दुकान फोनमध्येच होतं. पुतणी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, तिला लॅपटॉप हवा. नवा परवडत नाही, म्हणून वापरून दुरुस्त केलेला. किंमत 26 हजार रुपये, आणि ते उसाच्या हप्त्यातून बाजूला काढलेले. बुडाले तर पुढच्या गळितापर्यंत दुसरे 26 हजार या घरात उगवणार नाहीत. तोवर पोरीने प्रोग्रॅम काय पाटीवर लिहायचे?

आमच्याकडे भीमेच्या काठाला माणसाची पारख सोपी असते. समोरचा कोणाचा कोण हे कळलं की झालं; नदीपलीकडे दौंड तालुक्यातही चार पाहुणे निघतातच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (सरकारी कागदात डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने रस्ता विचारलात तर विक्रेताच गोंधळेल) निदान यंत्राच्या कळा दाबून बघता येतात. फोनमधल्या दुकानाला बाप नाही, पाव्हणे नाहीत, उंबराही नाही. आहे तो फक्त मजकूर. आणि मजकूर म्हटला की आमचं राज्य!

पुतणीने तुलनेसाठी आणखी एक दुकान शोधून ठेवलं होतं. तिथे तसंच यंत्र 14 हजारांना, आणि वर घड्याळ उलटं पळतंय : ‘फक्त आज!’ दुकान बंद करून परत उघडलं, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. एवढा आशावादी ‘आज’ मी नवकवितेतही पाहिला नाही. नाव एका दुकानाचं आणि पैसे मात्र कोणा एका गृहस्थाच्या खासगी खात्यावर आगाऊ. हे पुस्तक मी तिथेच मिटलं.

‘‘पण काका, तिथंही कुलपाचं चिन्ह आहे की!’’ पुतणी म्हणाली. आहे ना. कुलूप एवढंच सांगतं की पाकीट वाटेत कोणी फोडणार नाही. आत पत्र लिहिणारा भामटा असला, तर त्याचंही पत्र सुखरूप पोचतं.

मग पहिल्या दुकानाकडे वळलो. आधी लेखकाचं नाव. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाने आपलं कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, फोन आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दाखवायला हवं. त्या अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात तड लावायची. इथे हे सगळं होतं. जीएसटीचा नंबर 15 आकड्या-अक्षरांचा, सुरुवात 27ने, म्हणजे महाराष्ट्राची. पण नंबर दुसऱ्याचाही चिकटवता येतो, म्हणून सरकारी पोर्टलवर तो टाकून नाव आणि पत्ता जुळवला. जुळला.

नंतर अभिप्राय. विक्रेत्याने गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन अभिप्राय लिहू नये, असंही तेच नियम सांगतात. (असा नियम मराठी साहित्याला लागू केला, तर कित्येक पुरवण्या कोऱ्या निघतील.) 14 हजारवाल्यांकडे सगळे अभिप्राय पाच तारे आणि एकाच लेखणीचे होते. इथे मात्र एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, ‘मशीन चांगलं, पण खालचा एक स्क्रू नव्हता.’ खाली दुकानदाराचं उत्तर : ‘चूक झाली, स्क्रू पोस्टाने पाठवलाय.’ दुकानातला सर्वांत सुंदर गद्यखंड हाच. खोटं लिहिणाऱ्याला स्क्रू सुचत नाही.

दादाने फोन लावला. दुकानदाराने आधी विचारलं, मुलगी काय शिकते. मग म्हणाला, ‘‘बॅटरी दोन तासांच्या वर धरू नका, साहेब.’’ यंत्राच्या पाठीवरचा सीरियल नंबर मागितला, तर फोटोच पाठवला. कंपनीच्या साइटवर तो टाकला तेव्हा यंत्राचं मॉडेल तेच निघालं. कंपनीची वॉरंटी संपलेली, पण ते त्याने स्वतःच लिहिलं होतं.

वहिनी म्हणाल्या, ‘‘डबा आल्यावरच पैसे द्या की!’’ व्हीपीच्या काळी आमच्या वडिलांच्या पिढीचा हाच विश्वास होता. पण पैसे दिल्यावर पार्सल फुटायचं, आणि आतून वीट निघाली तर पोस्टमन पुढच्या आळीत पोचलेला असायचा. 2019च्या ग्राहक कायद्याने आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 1915वर फोनही लागतो; फसवणूकच झाली तर लगेच 1930. पण निकाल लागेपर्यंत परीक्षा थांबत नाही.

एक दोष मात्र मी ठळकपणे नोंदवला. परतीला सात दिवस, आणि तेही ‘सील न फोडता’. सील न फोडता बिघाड कळायला लॅपटॉप काय टरबूज आहे, वरून टिचकी मारून बघायला? सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, हे दादाने त्याला सांगितलं. तो जरा कुरकुरला. मग, चालू करून बघितल्यावर बिघाड दिसला तर सात दिवसांत परत घेऊ, असं ईमेलवर लिहून दिलं. ते आल्यावर दादाने दुकानाच्या नावाच्या खात्यावर पैसे भरले.

डबा अजून वाटेत आहे. तो उघडताना व्हिडिओ काढायला पुतणीने शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय, आणि वहिनींनी स्क्रू मोजायला मला.