हिमभूमीचे पाहुणे आणि त्यांचे वाङ्मय

पाहुणा हा साक्षीदार म्हणून फारसा भरवशाचा नव्हे. तो थोडे दिवस राहतो, पैसे मोजून राहतो, आणि घरी परतल्यावर आपला खर्च सार्थकी लागला असे स्वतःस व इतरांस पटवून देण्याची त्यास निकड असते. असे असूनही जगातील कित्येक स्थळांची कीर्ती पाहुण्यांच्याच लेखणीने उभी केली आहे. स्वित्झर्लंडमधील दावोस हे त्यांपैकी एक होय. 1,560 मीटर उंचीवरील या गावी 1865 च्या हिवाळ्यात डॉ. अलेक्झांडर श्पेंग्लर यांच्या भरवशावर दोन क्षयरोगी येऊन राहिले, आणि तेथून त्याच्या हिवाळी पाहुणचारास प्रारंभ झाला. आज रोग्यांची जागा स्की खेळणारांनी घेतली असून आल्प्स पर्वतातील मोठ्या स्की-स्थळांत दावोसची गणना होते. तेथे येऊन गेलेल्यांनी जे लिहिले, ते वाचताना आमच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला. बर्फावर आलेल्या पाहुण्याचा अनुभव वाङ्मयपदवीस केव्हा पोचतो?

या पाहुण्यांत प्रथम स्मरण होते ते रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे. 1880 ते 1882 या काळातील दोन हिवाळे त्याने दावोसास काढले. तो छातीच्या विकाराने आला होता व ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी त्याने तेथेच पुरी केली. 1881 साली त्याने आल्प्समधील हिवाळ्यावर काही छोटे निबंध लिहिले. त्यात स्तुतिपाठकाचा सूर मुळीच नाही. चहूकडून डोंगरांनी वेढलेली दरी मनास तुरुंगासारखी वाटते, त्याच त्या वाटेवर तीच ती आजारी माणसे भेटतात, ही तक्रार तो स्पष्ट करतो. पण रात्रीच्या वेळी एकट्याने घसरगाडीवर बसून उतारावरून सुटण्याचा आनंद सांगू लागला की त्याच्या वाक्यांस निराळीच गती येते. तक्रार आणि आनंद एकाच लेखणीतून उतरल्यामुळे दोन्हींवर आपला विश्वास बसतो. ज्यास काहीच खटकले नाही, त्यास काही आवडले असेल याची खात्री काय?

जॉन ॲडिंग्टन सिमंड्स याची गोष्ट निराळी. तो 1877 साली वाटेतला मुक्काम म्हणून आला आणि पुढे तेथेच घर बांधून राहिला. ‘अवर लाइफ इन द स्विस हायलँड्स’ हे त्याचे पुस्तक, ज्यात त्याच्या मुलीचेही लेख आहेत, 1892 साली निघाले. सिमंड्सचे गद्य पंडिताचे, किंचित संथ. परंतु बर्फ, वादळ आणि हिमस्खलन यांविषयी तो लिहितो तेव्हा त्या बर्फाखाली कोणाचे घर आहे, कोणाची वाट आहे, हे त्यास माहीत असते. पाहुणा अर्धा यजमान झाला म्हणजे त्याच्या दृष्टीस जे दिसते ते हेच.

तिसरा पाहुणा आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाचा. आर्थर कॉनन डॉइल आपल्या क्षयग्रस्त पत्नीस घेऊन दावोसास आला होता. शेरलॉक होम्सला त्याने 1893 च्या डिसेंबरातील कथेत स्वित्झर्लंडातल्याच एका धबधब्यापाशी नाहीसे केले, आणि 1894 च्या मार्चमध्ये ब्रांगर या स्थानिक बंधुद्वयाच्या सोबतीने, पायांस लाकडाच्या लांब फळ्या बांधून, तो डोंगराची खिंड ओलांडून अरोसा गावी उतरला. या प्रवासावरील त्याचा लेख त्याच वर्षाच्या अखेरीस ‘स्ट्रँड’ मासिकात आला. स्कीविषयक लेखनात हा लेख आम्हांस आजही वरच्या पंक्तीचा वाटतो, आणि याचे कारण पराक्रम नव्हे. उलट, लेखभर लेखक पडतो आहे! कधी फळ्या त्याचे ऐकत नाहीत, कधी त्याच्या दणकट लोकरी कापडाच्या चिंध्या उतारावर राहतात. जगप्रसिद्ध कथाकार येथे नवशिका आहे, आणि खेड्यातील दोघे भाऊ त्याचे गुरू आहेत. हे नाते तो लपवीत नाही, यातच त्या लेखाचे सौजन्य आहे. पुढे शेकडो इंग्रज या खेळासाठी स्वित्झर्लंडास येतील, हे त्याचे भाकीतही त्याच लेखातले. ते खरे ठरले. आकडा मात्र फारच लहान निघाला.

थॉमस मान 1912 साली आपल्या रुग्ण पत्नीस भेटण्यास सुमारे तीन आठवडे दावोसास राहिला, आणि त्या मुक्कामाचे फळ 1924 साली ‘डेर त्साउबरबेर्ग’ या कादंबरीच्या रूपाने प्रकट झाले. तिच्यातील ‘बर्फ’ या प्रकरणी नायक हान्स कास्टोर्प आरोग्यधामाचे नियम मोडून स्कीवर एकटा निघतो, वादळात वाट चुकतो आणि एका बंद झोपडीच्या भिंतीस टेकून मृत्यू व जीवन यांविषयी विलक्षण स्वप्न पाहतो. प्रकरणाचा शेवट मार्मिक आहे. तो सुखरूप परततो, पोटभर जेवतो, आणि संध्याकाळपर्यंत स्वप्न पुसट होऊ लागते. प्रत्येक पाहुण्याचे हेच होत नाही काय? डोंगरावर जे उमगले ते जेवणाच्या घंटेबरोबर विरते; जे लिहून ठेवले तेवढेच उरते.

या चौघांनंतर दावोस बदलले. 1931-32 साली पार्सेन डोंगरावर आगगाडी चढली. 1934 च्या डिसेंबरात स्की खेळणारांस दोरीने वर ओढणारे यंत्र बोल्गेनच्या उतारावर सुरू झाले. तत्पूर्वी फळ्यांच्या तळास सीलचे कातडे लावून तासन्‌तास चढावे, तेव्हा काही मिनिटांचा उतार पदरी पडे. आता वाइसफ्लूच्या 2,844 मीटरच्या शिखरापर्यंत यंत्राने जावे आणि खाली क्युब्लिसपर्यंत सुमारे 12 किलोमीटर घसरत यावे. चढण गेली, आणि तिच्याबरोबर अनुभवकथनाचे अर्धे अंगही गेले. आजच्या पाहुण्याचा वृत्तांत पाहावा तर पाळण्यापुढील रांग, तिकिटाचे मोल, उतारांची एकूण लांबी, उपाहारगृहातील रश्श्याची चव. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. जाणाऱ्यास त्यांचा उपयोग होतोच. परंतु यात डोंगर कोठे आहे?

येथे कोणी म्हणेल, तुम्ही गतकाळाचे गोडवे गात आहात. यंत्रामुळे मुले, वृद्ध, दुर्बळ यांसही शिखर दिसले, हे का विसरता? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. कष्ट हे अनुभवाचे मोल नव्हे. कष्टाने लिहिलेली कंटाळवाणी वर्णने काय थोडी आहेत? आमची तक्रार यंत्राविषयी नाही, विस्मृतीविषयी आहे. डॉइलला ब्रांगर बंधू दिसत होते, कारण ते त्याच्या पुढे चालत होते. आज रात्रभर यंत्रे चालवून उतार सारखा करणारा चालक, पहाटे स्फोटांनी धोक्याचा बर्फ पाडणारे पथक, हे पाहुणा जागा होण्यापूर्वीच आपले काम उरकतात. जे दिसत नाही ते लिहिले जात नाही, आणि पाहुणा समजतो की बर्फ आपल्याकरिताच असा अंथरलेला आहे.

याच्या उलट, दावोसात बर्फाविषयीचे एक गद्य हिवाळ्यात दिवसातून दोनदा निर्माण होते. वाङ्मय म्हणून मात्र त्याकडे कोणी पाहत नाही. हिमस्खलनाचा धोका सांगणारे ते पत्रक होय. वाइसफ्लूयोखवर 1936 पासून शास्त्रज्ञ बर्फ मोजीत आहेत, आणि त्यांच्या संस्थेकडे हे पत्रक 1945 पासून आहे. 1993 पासून युरोपभर धोक्याच्या पाच पायऱ्या ठरल्या आहेत: अल्प, मध्यम, लक्षणीय, मोठा, अतिशय मोठा. राखलेला उतार सोडून बाहेर जाणाऱ्यांचे सर्वाधिक मृत्यू शेवटच्या दोन पायऱ्यांवर होत नाहीत. ते तिसऱ्या पायरीवर होतात. ‘मोठा’ म्हटले की माणूस थांबतो. ‘लक्षणीय’ म्हटले की पुढे जातो. एका विशेषणावर माणसाचा जीव टांगलेला असावा, याहून भाषेची कठोर कसोटी कोणती? आमच्या विशेषणांस एवढी जबाबदारी कधी उचलावी लागली आहे काय?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम घरी आणतो. सुमारे 2,650 मीटर उंचीवरील काश्मिरातील गुलमर्ग येथे मराठी पाहुणे आता मोठ्या संख्येने जातात, आणि परत येऊन लिहितात. त्या लेखांत कापूस पिंजलेला असतो, धरणीने शुभ्र शाल पांघरलेली असते, स्वर्ग तर प्रत्येक परिच्छेदात अवतरतो. पण घसरगाडीची दोरी खांद्यास लावून पाहुण्यास चढावर ओढणारा काश्मिरी माणूस त्या लेखांत क्वचितच भेटतो. भेटला तर भाड्याच्या घासाघिशीपुरता. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बर्फावाचून कोरडे पडले होते. शाल पांघरलीच नाही तर तिच्याखाली काय असते, आणि दोरी ओढणाऱ्याच्या घरी त्या महिन्यात चूल कशी पेटते, हे लिहिण्यास आमच्या उपमांच्या पेटीत शब्द आहेत काय?

बर्फ ही आमच्या भाषेची वस्तू नव्हे, म्हणून आम्हांस अडचण पडते, असे समर्थन कोणी करील. आम्हांस ते पटत नाही. डॉइलच्याही पायांखाली ती विद्या परकीच होती. आपण अडखळलो हे त्याने सांगितले, आणि कोणी सावरले हेही सांगितले. पाहुण्याच्या लेखनाकडून याहून अधिक मागण्याचा आमचा आग्रह नाही; परंतु याहून कमी स्वीकारण्याचीही आमची तयारी नाही. पुढील हिवाळ्यात जे मराठी लेखक हिमभूमीस जातील, त्यांनी कापूस आणि शाल घरी ठेवून जावे, आणि दोरी ओढणाऱ्याचे नाव विचारून यावे.