लक्ष्मीबाईंची दोन स्मारकं

रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे १० अध्याय लिहून झाले होते. पुढचे ६४ लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्यामागे त्या जवळजवळ सतरा वर्षं जगल्या आणि त्याच काळात त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. पहिला भाग १९३४ साली आला; शेवटचा, चौथा, त्या गेल्यावर १९३६ साली. ‘ख्रिस्तायन’ छापून यायला १९३८ उजाडलं. म्हणजे एका कवीची बायको त्याच्यामागे दोन स्मारकं उभारत होती. एक पद्यात, त्याने आखून दिलेल्या जोत्यावर. दुसरं गद्यात, स्वतःच्या बोलीत.

‘स्मृतिचित्रे’ आजही घराघरांत वाचली जातात. ‘ख्रिस्तायना’ला आपल्याकडे बहुतेक वेळा एक वाक्य मिळतं आणि ते वाक्यही ठरलेलं असतं: टिळकांचं अपुरं महाकाव्य त्यांच्या पत्नीने पूर्ण केलं. माझा आक्षेप या ‘पूर्ण केलं’ला आहे. ७४ पैकी ६४ अध्याय जिने लिहिले, तिने काव्य ‘पूर्ण केलं’ म्हणायचं, तर भिंती, छप्पर, दारं-खिडक्या सगळं करणाऱ्या गवंड्यालाही जोतं पूर्ण करणारा म्हणावं लागेल. ही चूक नुसती हिशेबाची नाही. गेलेल्या कलावंताच्या मागे राहिलेल्या जोडीदाराने काय करायचं असतं, याविषयीची आपली समजूतच त्या वाक्यात बसली आहे. त्याचं अपुरं राहिलेलं पुरं करायचं, आणि पुरं केल्यावर बाजूला व्हायचं.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची रूपरेषा वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगते. जन्म १८६८, नाशिकजवळचं जलालपूर. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. १८८० साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, टिळक अठराचे. शाळा नाही. लिहा-वाचायला नवऱ्याने शिकवलं, तेही त्याच्या लहरीप्रमाणे. हा नवरा मनात आलं की घर सोडून चालू लागे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या नगरला त्याच्याकडे आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. माझं स्वतःचं शिक्षण बारावीला थांबलेलं असल्यामुळे, चौसष्ट अध्याय लिहिणारी ही बाई शाळेत गेलेली नव्हती, या तपशिलाचं मला अंमळ जास्तच अप्रूप आहे.

ख्रिस्ताची कथा मराठी पद्यात सांगण्याची वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचं. टिळकांना त्या वाटेवर आपलं महाकाव्य उभं करायचं होतं. लक्ष्मीबाईंच्या हाती आलं ते असं काम, की ज्यात कथा शुभवर्तमानांनी ठरवून दिलेली, बेत नवऱ्याचा आणि सूर भक्तीचा. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला माहीत असतं की या बाईची खरी ताकद तीन गोष्टींत आहे: विनोद, घरगुती तपशील, आणि मोठ्या माणसाचं छोटेपण क्षणात पकडणारी नजर. महाकाव्यात या तिन्ही गोष्टींना दार बंद. सुनेने सासरच्या स्वयंपाकघरात सासूच्या हातचं तंतोतंत करून दाखवावं, तसं हे काम. त्यातले कष्ट मी कमी लेखत नाही. उलट माझा तर्क असा, की इतकी वर्षं दुसऱ्याच्या आवाजात लिहिल्यावरच आपला आवाज कुठला, हे त्यांना नेमकं कळलं असावं. पण टिळक नावाचा माणूस मला ‘ख्रिस्तायना’त भेटत नाही. भेटतो तो त्यांच्या बायकोने सांगितलेल्या भांडणांत.

‘स्मृतिचित्रे’त त्या नवऱ्याला ‘टिळक’ म्हणतात. पानोपानी, सहज, एखाद्या शेजाऱ्याचं नाव घ्यावं तसं. सवयीने आपण ते वाचून पुढे जातो. शेजारी रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ठेवा, म्हणजे फरक दिसेल. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले, पुस्तक १९१० मध्ये आलं. त्यात नवऱ्याचा उल्लेख ‘स्वतः’ असा येतो. कॅथरिन गेट्सने १९३८ साली इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा पुस्तकाचं नावच ‘हिमसेल्फ’ ठेवलं. घरात ‘स्वतः’ म्हणण्याजोगा एकच माणूस असावा, ही त्या काळच्या मर्यादेची रीत होती आणि रमाबाईंच्या पुस्तकाचं सौंदर्यही त्या मर्यादेतच आहे. पण ‘स्वतः’ हा शब्द नवऱ्याला देऊन टाकल्यावर लिहिणारीला स्वतःसाठी फारशी जागा उरत नाही. लक्ष्मीबाईंनी आडनाव वापरलं आणि दोघांमध्ये हातभर अंतर तयार केलं. त्या अंतरातून नवरा संपूर्ण दिसतो. ‘टिळक’ म्हटलं की तो बाहेरच्या जगातला कवी आणि प्रचारकही असतो, आणि घरात पैसा टिकू न देणारा माणूसही. तिलाही मग त्याच्यासमोर उभं राहून बोलता येतं.

उदाहरणासाठी वेगळं राहिलेल्या वर्षांचा भाग घ्या. त्या काळावर टिळकांचे चाहते लिहायला बसले तर दोनच सूर शक्य होते: धर्मांतराचा गौरव किंवा सोडलेल्या बायकोची करुण कहाणी. लक्ष्मीबाई दोन्ही टाळतात. नातेवाइकांकडे, पंढरपुरात काढलेले दिवस त्या दुःखासकट सांगतात आणि त्याच दमात स्वतःच्या सोवळ्या-ओवळ्याच्या खुळांवर हसतात. सोवळ्याचं वेड काय असतं हे त्यांनी आपल्या वडिलांच्या घरी पुरेपूर पाहिलेलं; तो भाग पुस्तकाच्या सुरुवातीलाच येतो आणि इतका विनोदी आहे की त्यामागची भीती उशिरा लक्षात येते. पुढे कोणाच्याही हातचं पाणी पिण्याचा निर्णय होतो, तो नवऱ्याच्या प्रवचनाने होत नाही. त्यांच्या स्वतःच्या डोक्यात होतो. टिळकांच्या धर्माचा याहून मोठा सन्मान कुठल्याही चरित्रकाराने केला नसेल. बायको त्यांच्या मागे आली ती आपल्या पायांनी, आपल्या वेळेला, हे तिने नोंदवून ठेवलं.

आणि टिळकांची उदारता. नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे राहिले. आणखी कितीतरी पोरकी, अडलेली माणसं आली-गेली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं संतपण वाटतं. बायकोला त्यातला हिशेब दिसतो: उद्याचं काय, धान्य किती उरलंय. लक्ष्मीबाई हिशेब लपवत नाहीत, तक्रारही करत नाहीत. त्या तो मजेने मांडतात. त्यामुळे टिळकांचं संतपण खोटं ठरत नाही. फक्त त्याची किंमत कोणाच्या खिशातून गेली ते कळतं.

हा विषय मी नुसता पुस्तकांतून उचललेला नाही, हे सांगायला हवं. माझे यजमान चित्रकार होते. आम्ही भुकूमला राहतो. पौड रस्त्यावर भूगावचा तलाव मागे टाकून आलं की आमचं गाव, पुढे चढ चढून पिरंगुट. त्या चढाची, त्यावरच्या बदलत्या उजेडाची चित्रं त्यांनी वीस वर्षं काढली. ते गेले तेव्हा मागच्या खोलीत तीन मोठे कॅनव्हास अर्धवट होते. एकावर नुसती कोळशाची रेघ, दुसऱ्यावर बर्न्ट सिएनाचा पहिला पातळ हात, तिसऱ्यात आभाळ झालेलं आणि जमीन कोरी. वर्षश्राद्धानंतर प्रदर्शनाची बोलणी निघाली. त्यांचा एक गुणी विद्यार्थी म्हणाला, ‘काकू, सरांचा हात मला माहीत आहे, मी पुरी करून देतो.’ त्याच्या मनात भक्तीच होती. एका दालनाच्या व्यवस्थापकाने व्यवहाराची गोष्ट सांगितली, की अपुरी चित्रं विकली जात नाहीत. मी दोघांनाही थांबायला सांगितलं आणि लक्ष्मीबाईंची दोन्ही पुस्तकं पुन्हा काढली. एरवी मी बसने पुण्याला जाऊन ग्रंथालयात जुनी मासिकं चाळत बसते. त्या महिन्यात गावाबाहेर पाऊल टाकलं नाही.

मला तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अनिलांच्या एका निर्णयाचा. कुसुमावती देशपांडे १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये गेल्या. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, त्या पदावरची पहिली स्त्री. अनिल स्वतः १९५८ मध्ये मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष होऊन गेलेले. ‘पासंग’ लिहिणारी, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेणारी समीक्षक बायको गेल्यावर कवी नवऱ्याने काय करावं? तिच्यावर ग्रंथ लिहिता आला असता. त्यांनी १९७२ मध्ये ‘कुसुमानिल’ काढलं: १९२९ च्या लग्नाआधी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं. तिचा आवाज तिच्याच हस्ताक्षरातला, त्याला उत्तर देणारा आवाज तरुण अनिलांचा. म्हातारा अनिल त्यात ढवळाढवळ करत नाही. पुस्तकाच्या नावातही तिचं नाव आधी आहे. मराठीत बायकोमागे नवऱ्याने केलेली अशी स्मारकं फार थोडी आहेत. बायका आठवणी लिहितात, पुरुष बहुधा पुरस्कार ठेवतात.

अनिलांच्या उलट टोकाला लीलाबाई पटवर्धनांचं ‘आमची अकरा वर्षे’. माधव जूलियन २९ नोव्हेंबर १९३९ रोजी गेले, पुस्तक १९४५ साली आलं. नावाकडे पाहा. कवीच्या आयुष्याची पंचेचाळीस वर्षं त्यांनी मागितली नाहीत. ‘छंदोरचना’कार, फारसीचा प्राध्यापक, १९३६ च्या जळगाव संमेलनाचा अध्यक्ष, हे सगळं माधवराव जगाचे. लग्नाची अकरा वर्षं तेवढी ‘आमची’. इतकी काटेकोर नम्रता मी दुसऱ्या कुठल्या शीर्षकात पाहिलेली नाही, आणि नम्रतेइतकाच त्यात हक्कही आहे. त्या मानाने कांचन घाणेकरांच्या ‘नाथ हा माझा’चं नाव ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदावरून आलेलं आहे. काशिनाथ घाणेकर रंगभूमीचे असल्यामुळे ते शोभतं, पण त्या नावातच नवरा ‘नाथ’ होऊन बसतो. आतला मजकूर त्या नावापेक्षा पुष्कळ धीट आहे, हे मात्र नमूद करायला हवं.

अशा पुस्तकांना आपण ‘साधनग्रंथ’ समजतो, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड. कवीच्या चरित्रातली एखादी तारीख, एखादा किस्सा, कवितेमागचा प्रसंग हवा असला की बायकोचं पुस्तक उघडायचं, हवं ते उचलायचं आणि मिटायचं. ‘स्मृतिचित्रे’ या वापरातून सुटलं ते निव्वळ स्वतःच्या जोरावर. तरी भाषांतरांची नावं पाहा. १९५० सालचं इंग्रजी भाषांतर ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे मागोमाग येणारी. २०१७ मध्ये शांता गोखल्यांनी नव्याने आणि फार चांगलं भाषांतर केलं, त्याच्या उपशीर्षकात बाई तेजस्वी झाल्या, पण ‘वाइफ’ राहिल्याच. मराठी शीर्षकात नवऱ्याचा मागमूस नाही. लक्ष्मीबाईंच्या शब्दात चित्रं आहेत आणि स्मृती आहे, कोणाची ते सांगितलेलं नाही. आठवणीत राहिलेला माणूस आणि आठवणारा माणूस, दोघांनाही त्या शब्दात सारखी जागा आहे.

आमच्याकडच्या तीन कॅनव्हासचं असं झालं: ते पुरे केले नाहीत. प्रदर्शनात शेवटच्या भिंतीवर जसेच्या तसे लावले, खाली साल लिहिलं आणि ‘अपूर्ण’ असा शब्द. लोक त्यांच्यापुढेच जास्त वेळ थांबले, असं मी म्हणणार नाही, थांबले नाहीत. बहुतेकांनी पावसाळी डोंगरांची पुरी झालेली चित्रं पाहिली. विद्यार्थी मात्र कोऱ्या जमिनीच्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मी जो मजकूर लिहिला, त्यात त्यांच्या रंगांविषयी थोडं आणि टर्पेंटाइनच्या वासावरून झालेल्या आमच्या भांडणांविषयी बरंच आहे. एका नातेवाईक बाईंना ते आवडलं नाही.

राहता राहिलं ‘ख्रिस्तायन’. मी ज्या ग्रंथालयात बसते तिथे ते ना. वा. टिळकांच्या नावावर नोंदलेलं आहे. लक्ष्मीबाईंचं नाव नोंदीत नाही. गेल्या श्रावणात मी ग्रंथपालांना लेखी विनंती दिली, की कर्त्याच्या रकान्यात दोन्ही नावं यावीत आणि अध्यायांच्या संख्येप्रमाणे लक्ष्मीबाईंचं आधी यावं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, पुस्तक मागवून घेतलं आणि विचारलं, ‘पण बाई, हे कोणते दहा आणि कोणते चौसष्ट, ते पुस्तकात दाखवता येईल का?’ मी पान उलटून दाखवलं. नोंद बदलायला समितीची सही लागते. समिती दिवाळीनंतर बसणार आहे.