चित्रातलं धुराडं पुरावा ठरतं का?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. माझा विषय जुन्या कारखान्यांच्या विटांत साचणारे क्षार. सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर मी सुधीर पटवर्धनांचं 'लोअर परळ' (२००१) लावलं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "ही आकृती काय सिद्ध करते?" मी म्हणालो, "वारसा." हशा झाला. स्लाइड काढावी लागली, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

तुम्ही विज्ञानाचे असाल तर आधी बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन छायाचित्रकार बघा. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे टिपले. फोटो कृष्णधवल, आभाळ ढगाळ, कोन शक्यतो समोरचा, चौकटीत माणूस जवळजवळ नाहीच. म्हणजे बाकीच्या गोष्टी स्थिर ठेवायच्या आणि एकच बदलू द्यायची. आपण प्रयोगशाळेत दुसरं काय करतो? त्यांचे फोटो शेजारी शेजारी लावले की टाकी-टाकीतला फरक दिसायला लागतो. तुलनेसाठी याहून चांगला साठा मला माहीत नाही.

पटवर्धन याच्या उलट टोकाला. १९४९ चा जन्म, पुण्यात वैद्यकीय शिक्षण, ठाण्यात अनेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ. चित्रकला स्वतःच शिकले. दिवसभर माणसाच्या आतलं बघणारा हा डॉक्टर कॅनव्हासवर कष्टकरी माणूस आणि त्याचं शहर रंगवत राहिला. त्यांच्या शहरचित्रांत बऱ्याचदा बघण्याची जागा एकच नसते. वेगवेगळ्या ठिकाणांहून दिसलेलं एकत्र जोडलेलं असतं. त्यामुळे त्यावरून इमारतीची उंची काढायला गेलात तर फसाल. पण गिरणी, वस्ती, नवं बांधकाम यांनी एकमेकांना कसं रेटलंय, ते त्या जोडणीतूनच कळतं. बेखरांच्या पद्धतीत हे येऊच शकत नाही, कारण तिथे शेजार मुद्दाम बाहेर ठेवलाय.

एक तक्रार मात्र आहे. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) मध्ये माणूस मोठा आहे, त्याच्या अंगाचं वजन जाणवतं. पुढे शहर पसरत गेलं तशी माणसं लहान झाली. शहरात तसंच झालं, असं कुणी म्हणेल. तरी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार आठवले की मला तो मोठा माणूसच हवासा वाटतो.

आणि चित्र काय सांगू शकत नाही, तेही बघा. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरणीची जमीन ढोबळमानाने तीन वाट्यांत जायची: महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. 'लोअर परळ' ज्या वर्षीचं, त्याच २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. ही एक ओळ रंगात येणार कशी? ती सरकारी कागदातच शोधावी लागते. उलट त्या कागदात गिरणीचा शेजार सापडणार नाही. सरांना मी तेव्हा एवढं जरी सांगितलं असतं तरी स्लाइड वाचली असती.

हे सगळं गावामुळे डोक्यात आलं. मी कड्याचा. आष्टी तालुक्यातले कितीतरी जण दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन, मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजणी. राहायला पाचटाची कोपी. हंगाम संपला की ती मोडायची. पुढच्या हंगामात फड वेगळा, कोपी नवी. साखर कारखान्याचं धुराडं मात्र जागेवर असतं, म्हणून चित्रं त्याचीच निघतात. चित्रकलेच्या तासाला आम्हीही धुराडंच काढायचो, वर काळा धूर. वर्गातली निम्मी पोरं हंगामात आईबापाबरोबर फडात असायची. कोपी कुणीच काढली नाही.

परवा गावी गेलो तेव्हा कारखान्याचं चित्र काढायला वही घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. धुराडं दहा मिनिटांत झालं. कोपी कुठे काढायची ते ठरेना, कारण जिथून धुराडं दिसतं तिथून ती दिसतच नाही. शेवटी त्याच पानावर दुसऱ्या कोनातून काढली. प्रमाण चुकलंय.