एकोणीस पानं, बावन्न पानं

पत्त्याला आपण पान म्हणतो आणि पुस्तकातल्या पृष्ठालाही पानच. ‘कार्डकॅप्टर साकुरा’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, वाचताना मराठी वाचकाला हा श्लेष आयताच मिळतो. दहा वर्षांची साकुरा किनोमोतो वडिलांच्या पुस्तकांमधला एक जुना ग्रंथ उघडते, तर आत पानांऐवजी पानं! उभट, चित्रं काढलेले पत्ते. त्यातल्या एकावरचं ‘विंडी’ हे नाव ती मोठ्याने वाचते, वारा उठतो आणि सगळी पानं गावभर उधळतात. ती वेचून आणायचं काम मग तिच्याच गळ्यात पडतं.

वसईच्या सुरूच्या बागेत बसून मी हे परवा पुन्हा वाचलं. समुद्राकडून खारा वारा येत होता, वर सुरूंचा सूंऽसूं आवाज, आणि पान उलटू नये म्हणून त्यावर माझा अंगठा. या गोष्टीला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मूळ मांगा क्लॅम्प या चार स्त्रियांच्या गटाची. ‘नाकायोशी’ या मुलींच्या मासिकात ती १९९६ ते २००० या काळात क्रमशः आली आणि पुढे तिचे १२ खंड झाले. ‘चांदोबा’ची वाट पाहत वाढलेल्यांना गोष्ट महिनाभर अर्धवट मनात ठेवण्याची गोडी वेगळी सांगायला नको. क्लॅम्पची रेघ बारीक, लवचीक. कुणी कुणाकडे टक लावून पाहिलं की मागचं घर, रस्ता, झाड सगळं पुसलं जातं. उरतो चेहरा, दोनचार पाकळ्या आणि कोरा कागद. त्या कोऱ्या जागेत आपण थबकतो. पत्ते पकडण्याच्या झटापटीला इथे फारशी जागाच नाही. मांगात हे ‘क्लो’ पत्ते आहेत अवघे १९.

१९९८ साली मॅडहाउस स्टुडिओने मोरिओ आसाकांच्या दिग्दर्शनाखाली मांगाची अ‍ॅनिमेशन मालिका केली. एनएचकेवर तिचे ७० भाग झाले आणि पत्ते झाले ५२, म्हणजे आपला पत्त्यांचा अख्खा जोड. मुळाशी इमान राखणाऱ्याला हा पसारा वाटेल. मला वाटत नाही. मालिकेच्या पटकथेची सूत्रं क्लॅम्पमधल्याच नानासे ओकावांच्या हाती होती. एकच आख्यान कीर्तनकार एका गावी तासाभरात आटोपतो आणि दुसऱ्या गावी त्यावर रात्र जागवतो. दोन्हीकडे आख्यान त्याचंच असतं. वाढवलेले पत्तेही भरताड नाहीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या १२० पानांत जसा हरेक अवतार आपापली खूण घेऊन हाती येतो, तसा इथे हरेक पत्त्याला स्वभाव आहे. वॉटरी भांडखोर, जंप खोडकर.

पण मालिकेने खरी भर घातली ती दिवसांची. आज स्वयंपाकाची पाळी कुणाची हे लिहिलेला घरातला फळा, चाकांच्या बुटांवरून शाळेत जाणं, बागेतली पेंग्विनची घसरगुंडी. साकुराची आई ती तीन वर्षांची असताना गेली. मांगात हे थोडक्यात कळतं. मालिकेत रोज जेवणाच्या टेबलाशी असलेला आईचा फोटो पाहून पाहून ते आपल्या अंगवळणी पडतं.

आणि शिवणकाम! जादूगार मुलींच्या कथांत बहुधा मंत्र म्हटला की कपडे आपोआप बदलतात. इथे मंत्राने फक्त किल्लीची छडी होते. अंगावरचा झगा मैत्रीण तोमोयोने शिवलेला असतो, दर मोहिमेला नवा. झालरी, फिती, टोप्या. ज्यांनी आजीला पायमशीनवर वाकून नातीच्या परकराला काठ लावताना पाहिलंय, त्यांना तोमोयोच्या प्रेमाची भाषा लगेच उमगेल. ती साकुराकडून काही मागत नाही. माप घेते, शिवते आणि कॅमेरा घेऊन मागे धावते.

मालिकेने मेइलिंग ही एक पूर्ण नवी मुलगी आणली. मांगात ती नाहीच. हाँगकाँगहून आलेल्या स्याओरान या मुलाची ही चुलत बहीण. आपण त्याची वाग्दत्त वधू आहोत असं ती सांगते, साकुरावर खेकसते, आणि जादू तिला अजिबात येत नाही. सुरुवातीला ती नकोशी होते. साठाव्या भागात ती परत येते, स्याओरानचं मन कुणाकडे आहे हे ओळखते आणि स्वतःच ते नातं सोडते. त्या रात्री तोमोयोच्या घरी ती आपल्या हरवलेल्या पाखराची आठवण सांगते. लहानपणी स्याओरानने ते पावसात भिजत शोधून आणलं होतं. सांगता सांगता तिचा बांध फुटतो. तोमोयो तिला मांडीवर डोकं ठेवू देते. समजावत नाही. स्वतः तेच दुःख रोज हसून जगणाऱ्या मुलीच्या मांडीवर दुसरी रडते आहे. मूळ ग्रंथात नसलेलं हे दृश्य मला सगळ्या रूपांतरांत सर्वांत क्लॅम्पचं वाटतं.

अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी झालेल्या इंग्रजी अवतारात मात्र हेच सगळं गळालं. २००० साली तिथे ती ‘कार्डकॅप्टर्स’ झाली. नावातून साकुराच गेली. ७० पैकी ३९ भाग दाखवले गेले आणि सुरुवात केली आठव्यापासून, स्याओरान येतो तिथून. संगीत नवं, शांत जागा भरून काढणारं. कोण कुणावर जीव लावतं याचे नाजूक धागे कातरले. पत्ते सगळे पकडले जातात, पण पकडणारी मुलगी हातून निसटते.

आता एकच प्रसंग तीन रूपांत पाहू. स्याओरान साकुराला आपलं मन सांगतो. मांगात ताटातूट होते, मध्ये काळ जातो, आणि शेवटी तो परततो तेव्हा तिच्या अंगावर नव्या शाळेचा गणवेश असतो. दोन पानांमधल्या फटीत महिने मावतात. मालिका ७० व्या भागात अलीकडेच थांबते: त्याने शिवलेलं अस्वल तिच्या हाती आहे, उत्तर मात्र ओठांवर नाही. ते येतं २००० च्या दुसऱ्या चित्रपटात. गावातल्या वस्तू, मग माणसं एकेक करून नाहीशी होत जातात. शेवटचा पत्ता जिंकायची किंमत म्हणजे सर्वांत प्रिय भावना. मनोऱ्यात दोघांच्या मध्ये जिना तुटून खाई पडलेली. साकुराला वाटतं की त्याच्या मनातलं पुसलं गेलंय. तरीही ती आपलं सांगून टाकते.

भाचीला हा चित्रपट दाखवला तेव्हा ती इतका वेळ कुरकुरत होती, “मावशी, ही बोलत का नाही गं एकदाची?” या क्षणी ती गप्प झाली. पलीकडून स्याओरान थांबायला सांगत होता. पाठीवर पंख फुटतील असा पत्ता साकुराकडे आहे. ती तो वापरत नाही. हात पसरते आणि पायांनीच झेप घेते. भाचीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.