लाईन गेली की रेंजही जाते : एका गाजलेल्या पेपरचं कामठ्यातून वाचन

सौरऊर्जा प्रकल्पांचं संदेशवहन जाळं कसं सुधारावं, असा विषय पीएचडीला घ्यायचा तुमचा विचार असेल, तर एक पेपर तुमच्यासमोर येणारच. बुल्डिरेव, परशानी, पॉल, स्टॅनली आणि हाव्लिन यांचा, २०१० साली 'नेचर'मध्ये आलेला. विषय : एकमेकांवर अवलंबून असलेल्या जाळ्यांमधला साखळी बिघाड. बहुतेक जण प्रस्तावनेत त्याचा संदर्भ देऊन पुढे जातात. आज आपण जरा थांबून तो वाचू.

पेपरमधलं उदाहरण इटलीतल्या २८ सप्टेंबर २००३ च्या वीजबंदीचं आहे. वीजकेंद्र बंद पडलं की त्यावर चालणारं संदेशवहन बंद पडतं. ते बंद पडलं की त्यावर विसंबलेली आणखी वीजकेंद्रं पडतात. लेखकांनी याचं गणित मांडलं. प्रत्येक नोडला सरासरी ४ जोडण्या असलेलं यादृच्छिक जाळं घ्या. ते एकटं असेल, तर जवळपास ७५ टक्के नोड काढेपर्यंत त्यात एक मोठा जोडलेला तुकडा टिकून राहतो. पण अशी दोन जाळी एकास एक बांधली, तर सुमारे ३९ टक्के नोड गेले की सगळं कोसळतं. तेही हळूहळू नाही, एकदम. हा 'एकदम'पणा ही या पेपरची खरी देणगी, आणि ती मोठी आहे.

आता हाच पेपर घेऊन गोंदिया तालुक्यातल्या कामठ्याला येऊ. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिची २.० आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना. समजा, कामठ्याच्या शिवारात २ मेगावॅटचा असा एक प्रकल्प आहे. त्याची माहिती मोबाईल सिमवरून नियंत्रण कक्षात जाते. पेपरमधलं चित्र इथे बसतं का?

पहिली अडचण आकाराची. ११ केव्हीचा फीडर म्हणजे झाडाच्या फांदीसारखी रचना. फांदी बुंध्याजवळ तुटली की पुढचं सगळं गेलं. 'सगळ्यात मोठा जोडलेला तुकडा किती उरला' हे माप इथे फारसं काही सांगत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पेपरमध्ये अवलंबन दोन्ही बाजूंनी सारखं आणि तात्काळ आहे. प्रत्यक्षात सिम बंद पडलं म्हणून इन्व्हर्टर बंद पडत नाही. तो व्होल्टेज आणि वारंवारता जागेवरच मोजतो. ग्रिड गेली की कुणाच्या निरोपाची वाट न बघता स्वतःच बंद होतो. संरक्षण रिलेचंही तेच. म्हणजे वीज जाताना संदेशवहनाची गरज कमी, वीज परत आणताना फार.

तिसरी अडचण वेळेची. पेपरमध्ये बॅटरीच नाही! आमच्याकडे लाईन गेली की लगेच रेंज जात नाही. टॉवरची बॅटरी उतरली की मग जाते. त्या मधल्या वेळेत दुरुस्ती झाली तर साखळी तुटली. नाही झाली, तर लाईनमनला फोनही लागत नाही. इकडे उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी चढायचं थांबलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, मॉडेल म्हटलं की सोपं करावंच लागतं. मान्य. पण सोपं करताना जे गळलं, त्यावरच तुमचा निर्णय उभा असेल तर काय? पेपर शब्दशः घेतला, तर तुम्ही सुचवाल : जोडण्या वाढवा, दोन सिम लावा. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं एकाच टॉवरवरून चालत असतील, तर बॅटरी उतरल्यावर दोन्ही एकदमच मरतील. कागदावर दोन मार्ग, जमिनीवर एक. त्यापेक्षा उपकेंद्रापर्यंत स्वतंत्र फायबर आणि प्रकल्पाच्या संदेश उपकरणांना पुरेशी ४८ व्होल्ट डीसी बॅटरी, हा खर्च कदाचित जास्त कामाचा ठरेल. 'कदाचित' मुद्दाम म्हणतोय. ते मोजणं हेच तर तुमचं संशोधन.

ही शंका माझ्या एकट्याची नाही. २०१७ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये कोर्कली, हाइन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वीजप्रवाहाचं वागणं वास्तवाच्या जवळ नेलं आणि संदेशवहनाचा नियंत्रणासाठी होणारा फायदाही धरला, तर जाळी जोडल्याने धोका कमीसुद्धा होऊ शकतो. म्हणजे निष्कर्षाची दिशाच उलटू शकते. म्हणून २०१० चा पेपर चूक ठरतो का? नाही. त्याने प्रश्न दिला. आपण त्याला उत्तर समजून बसलो, ही आपली चूक.

तेव्हा साहित्य आढावा लिहिताना एक करा. पेपरमधल्या प्रत्येक गृहीतकासमोर तुमच्या ओळखीच्या एका उपकेंद्राचं नाव लिहा आणि विचारा, हे इथे खरं आहे का? उत्तर माहीत नसेल तर तिथे जा, ऑपरेटरला विचारा : लाईन गेल्यावर रेंज किती वेळ टिकते? हा आकडा तयार कुठे मिळेल याची वाट बघू नका. तो नोंदवलात, तर तुमच्या प्रबंधातलं पहिलं स्वतःचं वाक्य तयार झालं समजा.