पडद्यामागून दिसणारा प्रेक्षक : 'टार्गेट्स' आणि ड्राइव्ह-इनचा अस्त

वांद्रे (पूर्व) येथे कलानगरनजीक १९७७ मध्ये सुरू झालेले ड्राइव्ह-इन चित्रपटगृह २००३ मध्ये बंद झाले. त्याच्याविषयीच्या आठवणींचा सूर जवळजवळ एकच असतो. मोकळे आकाश, मोटारीच्या टपावर बसलेली मुले, घरून आणलेले डबे आणि सर्वांनी मिळून चित्रपट पाहण्याचे दिवस संपले ही हळहळ. अमेरिकेत बंद पडलेल्या असंख्य ड्राइव्ह-इनविषयीही हेच बोलले जाते. ही हळहळ खरी आहे. तिचे दिले जाणारे कारण मात्र तपासून पाहावयास हवे. ड्राइव्ह-इन गेल्याने नेमके काय गेले, या प्रश्नाचा विचार पीटर बोग्दानोविच यांच्या 'टार्गेट्स' (१९६८) या चित्रपटाच्या आधारे येथे करावयाचा आहे. त्यातून मिळणारे उत्तर हळहळीला फारसे सोयीचे नाही.

ड्राइव्ह-इनची मूळ कल्पनाच प्रथम पाहू. मोटारींच्या निगेसाठी लागणाऱ्या वस्तूंच्या व्यवसायातील रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डेननजीक पहिले ड्राइव्ह-इन उघडले. पुढील गाडीमुळे पडदा झाकला जाऊ नये म्हणून जमिनीला उतार देऊन प्रत्येक गाडीचे तोंड वर उचलण्याची योजना त्यांनी केली व तिचे पेटंटही घेतले. १९४९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले. नाट्यगृहातील चढत्या, अर्धवर्तुळाकार बैठकांचेच हे रूप असल्याने त्यात नवा शोध नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेलही. परंतु खुर्चीच्या जागी मोटार आली की शेजारी नाहीसा होतो, ही बाब न्यायालयापुढे नव्हती. प्रारंभी आवाज पडद्याजवळच्या मोठ्या कर्ण्यांतून सर्वांना एकत्रच ऐकू येई. पुढे गाडीच्या काचेला अडकविण्याचा लहान स्पीकर आला, त्यानंतर गाडीतील एफ.एम. रेडिओ. चित्र तेवढे सामायिक राहिले. ध्वनी खाजगी झाला, आणि त्याबरोबर हसणे व हुंदकाही. राऊल वॉल्श यांच्या 'व्हाइट हीट' (१९४९) मधील गुन्हेगार पोलिसांना चुकविण्यासाठी ड्राइव्ह-इनमध्येच शिरतो, ते उगीच नव्हे.

'टार्गेट्स' जन्मला तो काटकसरीतून. बोरिस कार्लोफ या भयपटांच्या ज्येष्ठ नटाचे दोन दिवसांचे काम निर्माते रॉजर कॉर्मन यांना येणे होते. ते वापरावे आणि कॉर्मन यांच्याच 'द टेरर' (१९६३) मधील काही भाग जोडून नवा चित्रपट करावा, अशी अट होती. नवख्या बोग्दानोविच यांनी या अटीलाच कथानकात स्थान दिले. कार्लोफ येथे बायरन ऑर्लोक नावाचा वृद्ध नट होतो. आपली भीती आता कोणालाच वाटत नाही, वर्तमानपत्रातील बातम्या त्याहून भयंकर आहेत, म्हणून तो निवृत्त होऊ पाहतो. दुसऱ्या धाग्यात बॉबी हा उपनगरातील सुस्वभावी वाटणारा तरुण आहे. तो पत्नीची व आईची हत्या करतो, तेलाच्या टाकीवर चढून महामार्गावरील मोटारींवर गोळ्या झाडतो आणि संध्याकाळी एका ड्राइव्ह-इनच्या पडद्यामागे जाऊन बसतो. त्याच पडद्यावर त्या रात्री ऑर्लोकचा नवा चित्रपट, म्हणजे वस्तुतः जुना 'द टेरर', दाखविला जाणार असतो.

यापुढील प्रसंग हा या चित्रपटाचा गाभा होय. पडद्याला पडलेल्या भोकातून बॉबी नेम धरतो. त्याला प्रेक्षागृह दिसत नाही, मोटारींच्या रांगा दिसतात. दुपारी महामार्गावर दिसल्या होत्या तशाच. एका गाडीत गोळी लागते तेव्हा शेजारच्या गाडीला पत्ता नसतो. मेलेल्या बापाच्या बाजूला बसून एक मुलगा रडतो आहे; त्याचे रडणे त्या गाडीपुरतेच राहते. बंदिस्त चित्रपटगृहात एका किंकाळीने सारे उठले असते. येथे बातमी गाडीगाडीने, फार हळू पसरते आणि शेवटी उरते ती फाटकाशी झालेली कोंडी. प्रेक्षकांना एकमेकांपासून तोडण्यासाठी खुन्याला काहीच करावे लागत नाही. ते काम त्या जागेच्या रचनेने आधीच केलेले असते. म्हणूनच बॉबीच्या घरातील दूरचित्रवाणीसमोर मूकपणे बसलेले कुटुंब आणि या मोटारींतील कुटुंबे यांत मला फारसे अंतर दिसत नाही. ड्राइव्ह-इन हा घरातील दूरचित्रवाणीचा विरोधक नव्हता. अंगणात काढलेले तेच दिवाणखाने होते.

अर्थात चित्रपट एकांगी आहे, हे मान्य करावयास हवे. बॉबीच्या कृत्यामागील कारण तो शोधत नाही. त्याचे घर केवळ नमुन्यादाखल येते. पडद्याखालच्या मैदानात अंधार पडेपर्यंत खेळणारी मुले, खाद्यपदार्थांच्या खिडकीशी जमणारी गर्दी, रात्रीच्या कपड्यांतच आणलेली तान्ही बाळे हाही ड्राइव्ह-इनचा अनुभवच होता. परंतु हा मेळा चित्रपट सुरू होण्यापूर्वीचा किंवा मध्यंतरातला. चित्रपट सुरू झाला की दारे बंद. २०२० च्या महासाथीत अमेरिकेतील उरल्यासुरल्या ड्राइव्ह-इनना पुन्हा गर्दी झाली, ती माणसे तेथे एकमेकांत मिसळत नाहीत या कारणासाठीच.

मग गेले ते काय? याचे उत्तर 'टार्गेट्स'च्या शेवटच्या चित्रचौकटीत आहे असे मला वाटते. सकाळ झाली आहे. ओसाड मैदानात बॉबीची एकटी मोटार उभी आहे. रात्री पडद्याकडे वळलेल्या नजरेला न दिसलेली गोष्ट उजेडात प्रथमच दिसते : जमीन, केवढी तरी जमीन. दिवसभर निरुपयोगी, रात्रीच्या एक-दोन खेळांसाठी राखलेली. हे चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातील रेसेडा ड्राइव्ह-इनमध्ये झाले. सत्तरच्या दशकात तेही बंद पडले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन होते. उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याच्या १९६६ च्या कायद्याने खेळ उशिरा सुरू होऊ लागले, घरोघरी व्हिडिओ आला, अलीकडे डिजिटल प्रक्षेपकाचा खर्च झेपेना. तथापि शहराच्या कडेची स्वस्त जमीन महाग होणे हेच मुख्य कारण. शहरच ड्राइव्ह-इनपर्यंत चालत आले.

वांद्र्यातही हेच घडले, आणि अधिक तीव्रतेने. मारुती ८०० बाजारात आली ती १९८३ च्या अखेरीस. त्यापूर्वी, १९७७ च्या मुंबईत, मोटारीत बसून चित्रपट पाहणे फार थोड्यांना शक्य होते. तेव्हा सर्वांनी मिळून हा शब्दप्रयोग येथे आणखीच जपून करावयास हवा. पाहता पाहता शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि त्या मैदानाचा प्रत्येक चौरस फूट पडद्यावरील कोणत्याही चित्रपटापेक्षा मोलाचा झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच परिसरात, एका मॉलच्या गच्चीवर, सुमारे २९० मोटारींचे नवे ड्राइव्ह-इन सुरू झाले. मोटारी आल्या, पडदा आला, आवाज गाडीच्या आत आला. मैदान तेवढे आले नाही. ते आता गच्चीखालच्या मजल्यांत होते.